ताम्रसृतीचं गणित पायरीपायरीने: दीर्घिका, वेग आणि दूरचे दोन निरीक्षक

बेळगावातून एक बस निपाणीकडे ताशी ६० किलोमीटरने निघाली, दुसरी खानापूरकडे ताशी ५० ने. एका बसमधल्या माणसाला दुसरी बस ताशी ११० ने लांब जाताना दिसते. हे गणित आमच्या मुलांच्या हाडात इतकं मुरलेलं आहे की दीर्घिका समोर आल्या तरी ती तेच करतात. एक दीर्घिका उत्तरेला, एक दक्षिणेला, दोघींचे वेग काढले आणि केली बेरीज. उत्तर चुकतं, आणि का चुकलं तेही कळत नाही.

रविवारी बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीएस्सीची मुलं माझ्याकडे वर्णपट वाचायला बसतात. कुणी खानापूर, नंदगडहून येतं, कुणी येळ्ळूरहून, एखादा निपाणीहून. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आणि मग एकदम इंग्रजीत ढकललेली. हुशारीत कुठेही कमी नाहीत, पण वह्या तपासल्या की त्याच पाच-सहा चुका निघतात. त्या चुका समोर ठेवूनच हा लेख लिहिला आहे. ताम्रसृती, म्हणजे दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी वाढून त्यातल्या रेषा तांबड्या बाजूला सरकणं (वर्गात सगळे तिला रेडशिफ्ट म्हणतात), ती मोजण्यापासून दोन दूरच्या निरीक्षकांना एकमेकांची गती कशी दिसेल इथपर्यंत आपण जाऊ. क्रम मोडू नका. बहुतेक चुका आकडेमोडीत होत नाहीत, पायऱ्यांचा क्रम मोडल्यामुळे होतात.

## तयारी

वही, साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आणि तरंगलांबीची मोजपट्टी असलेला एक वर्णपट एवढं पुरतं. दुर्बीण लागत नाही. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाने लाखो दीर्घिकांचे वर्णपट सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत, मोबाइलवरही उघडतात.

मूळ तरंगलांबींची, म्हणजे प्रयोगशाळेत त्या त्या मूलद्रव्याच्या रेषा वर्णपटात जिथे दिसतात त्या जागांची, ही छोटी यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सगळे आकडे हवेतले आहेत, नॅनोमीटरमध्ये.

- हायड्रोजन अल्फा: ६५६.२८
- हायड्रोजन बीटा: ४८६.१३
- हायड्रोजन गॅमा: ४३४.०५
- ऑक्सिजनची हिरवी जोडी: ४९५.९ आणि ५००.७
- कॅल्शियमची जोडी: ३९३.४ आणि ३९६.८
- सोडियमची जोडी: ५८९.० आणि ५८९.६

आता दुसऱ्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यावर लिहा 'कोण पाहतो', दुसऱ्यावर 'कुणाकडे', तिसऱ्यावर 'केव्हा'. हा तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात आणि टप्पा ५ मध्ये त्याचीच किंमत मोजतात. 'झेड (म्हणजे ताम्रसृतीचा आकडा) इतका' असं नुसतं लिहिलेलं मी मान्य करत नाही. कुणाच्या डोळ्यांतून आणि कोणत्या वेळी, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

सावधान: स्लोनचे वर्णपट अँगस्ट्रॉममध्ये असतात, म्हणजे नॅनोमीटरच्या दहापट आकडे. शिवाय ते निर्वातातल्या तरंगलांबींत असतात. निर्वातात हायड्रोजन अल्फा ६५६.४६ ला येते, हवेत ६५६.२८ ला. फरक क्षुल्लक वाटतो, पण हवेचा आकडा निर्वाताच्या वर्णपटाला लावलात तर सेकंदाला सुमारे ८० किलोमीटरचा खोटा वेग पदरात पडतो. मूळ आकडा आणि दिसलेला आकडा, दोन्ही एकाच माध्यमातले हवेत.

## टप्पा १: रेषा ओळखा, घाई करू नका

उदाहरणाला कन्या राशीतला क्वेसार थ्रीसी २७३ घेऊ. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा धगधगता गाभा. त्याची तेजस्विता १३व्या प्रतीच्या आसपास आहे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतकी मंद. आठ इंची दुर्बिणीला प्रकाशाचे रंग वेगळे करणारी साधी जाळी (ग्रेटिंग) लावून हौशी मंडळींनी त्याचा वर्णपट मिळवला आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या काळोखात चिकाटीने बसलं तर आपल्याकडच्या मुलांनाही जमण्यासारखं काम आहे ते.

त्याच्या वर्णपटात रुंद उंचवटे दिसतात, साधारण ५०२.६, ५६२.९ आणि ७६० नॅनोमीटरला. इथेच पहिली फसगत होते. ५०२.६ बघून विद्यार्थी यादीकडे जातो, जवळ ५००.७ सापडतो आणि तो खुशीत लिहून टाकतो: ऑक्सिजनची हिरवी रेषा, झेड ०.००४. एका रेषेवर निकाल दिला की असं होतं.

निदान दोन रेषा घ्या आणि त्यांचं गुणोत्तर काढा. ताम्रसृती कितीही असली तरी सगळ्या रेषा एकाच पटीने ताणल्या जातात, त्यामुळे दोन रेषांमधलं गुणोत्तर बदलत नाही. ५६२.९ भागिले ५०२.६ केलं की येतात १.१२. यादीत कोणती जोडी १.१२ देते ते शोधा. ४८६.१३ भागिले ४३४.०५ बरोबर १.१२ देतं. म्हणजे त्या दोन रेषा हायड्रोजनच्या बीटा आणि गॅमा आहेत. हिरव्या ऑक्सिजनचा इथे संबंध नाही.

अंतर मोजून जोडी लावू नका. दोन रेषांमधलं अंतर ताम्रसृतीबरोबर वाढतं, गुणोत्तर तेवढंच राहतं. वर्षानुवर्षं मुलं रेषांमधल्या अंतराची यादी पाठ करून येतात आणि अडकतात.

सावधान: काही रेषा दीर्घिकेच्या नसतातच. शहराजवळून घेतलेल्या वर्णपटात पाऱ्याच्या दिव्यांची ५४६.१ आणि सोडियम दिव्यांची ५८९ घुसते. आकाश स्वतःही ५५७.७ ला ऑक्सिजनची मंद रेषा देतं. आपल्या उदाहरणात तर ७६० ला आणखी घोटाळा आहे. थ्रीसी २७३ ची हायड्रोजन अल्फा नेमकी तिथे येऊन पडते, आणि पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन ७५९ ते ७६२ च्या पट्ट्यात प्रकाश गिळतो. उंचवट्याला खाच पडलेली दिसते. ती खाच क्वेसारची नाही, आपल्या डोक्यावरच्या हवेची आहे. म्हणून या एका रेषेवर मोजमाप ठेवू नये.

## टप्पा २: झेड काढा

झेड = (दिसलेली तरंगलांबी − मूळ तरंगलांबी) ÷ मूळ तरंगलांबी

कंस आधी सोडवा. कॅल्क्युलेटरवर कंस न देता मारलं तर तो आधी भागाकार करतो आणि ५६१.९ असलं काहीतरी दाखवतो.

५६२.९ − ४८६.१३ = ७६.७७. भागिले ४८६.१३ म्हणजे ०.१५८.

मी मात्र मुलांना झेडपेक्षा १ + झेड लिहायची सवय लावतो. दिसलेली तरंगलांबी भागिले मूळ तरंगलांबी, इतकंच. १.१५८. प्रकाश वाटेत किती पटीने ताणला गेला ते हा आकडा सांगतो, आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांत कामाला तोच येतो.

रेडिओ दुर्बिणीचा आकडा असेल तर तो वारंवारतेत येतो आणि भागाकार उलटा होतो: मूळ वारंवारता भागिले दिसलेली. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश पकडल्याचं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. हायड्रोजनची मूळ वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ. त्या दीर्घिकेचा झेड साधारण १.२९. मग दुर्बीण कुठे लावावी लागेल? १४२०.४ ÷ २.२९ म्हणजे सुमारे ६२० मेगाहर्ट्झला. भागाकार सुलटा केलात तर झेड ऋण येतो आणि दूर जाणारी दीर्घिका अंगावर येतेय असं वाटायला लागतं.

तपासा: दोन वेगळ्या रेषांवरून काढलेला झेड तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळतो का? क्वेसारच्या रेषा रुंद असतात, त्यामुळे थोडी तफावत चालेल. दुसऱ्याच स्थळावर फरक पडला तर टप्पा १ कडे परत जा.

## टप्पा ३: आपली स्वतःची गती बाजूला काढा

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर उभं राहून इंजिनाची शिटी ऐकणं वेगळं, आणि धावत्या मोटारसायकलवरून ऐकणं वेगळं. आपण दीर्घिका बघतो तेव्हा मोटारसायकलवरच बसलेलो असतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते. आणि सूर्य, विश्वात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या तुलनेत, सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटरने सिंह राशीच्या बाजूला सरकतो आहे.

स्लोनसारख्या तयार आकड्यांत पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती सहसा केलेली असते. सूर्याची तुम्हालाच करावी लागते, आणि ती करताना झेडची बेरीज-वजाबाकी न करता १ + झेड चा गुणाकार करायचा:

(दिसलेला १ + झेड) = (विश्वाच्या प्रसरणाचा १ + झेड) × (दीर्घिकेच्या स्वतःच्या गतीचा) × (आपल्या गतीचा)

थ्रीसी २७३ सिंहाला लागूनच असलेल्या कन्येत आहे, म्हणजे आपण जवळजवळ त्याच्याच दिशेने चाललो आहोत. आपल्या गतीचा हिस्सा साधारण ०.९९८८५ येतो. १.१५८ ÷ ०.९९८८५ = १.१५९३. झेड ०.१५८ चा ०.१५९ झाला. (पुढची उदाहरणं सोपी राहावीत म्हणून मी ०.१५८ च धरतो.)

दूरच्या दीर्घिकेला ही दुरुस्ती एक टक्क्याच्या आत बसते. जवळच्या दीर्घिकेला मात्र तिच्यामुळे सगळं उलथंपालथं होतं. देवयानी दीर्घिका घ्या. तिच्या रेषा निळ्याकडे सरकलेल्या आहेत, सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने ती आपल्याकडे येते असं दिसतं. यातला मोठा भाग सूर्य आकाशगंगेत फिरतो त्याचा आहे. आकाशगंगेच्या केंद्रातून पाहिलं तर ११० च्या आसपासच उरतात. तरी एखादा विद्यार्थी ३०० घेऊन हबलच्या नियमात (दूर जाण्याचा वेग = हबल स्थिरांक × अंतर) टाकतो आणि अंतर ऋण काढतो.

सावधान: शेजारच्या दीर्घिकांना हबलचा नियम लावू नका. तिथे गुरुत्वाकर्षणाची ओढाताण प्रसरणापेक्षा मोठी असते.

## टप्पा ४: आता वेग. पण कोणता?

इथपर्यंत 'वेग' हा शब्द मी वहीत येऊ देत नाही. ताम्रसृती मोजलेली असते. वेग हा तिचा आपण लावलेला अर्थ असतो, आणि तो कोणत्या नियमाने लावला यावर आकडा बदलतो. झेड ०.१५८ साठी तिन्ही आकडे बघा.

1. झेड गुणिले प्रकाशाचा वेग (सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर): सुमारे ४७,४०० किमी/से.
2. विशेष सापेक्षतेचं सूत्र, म्हणजे (१ + झेड) चा वर्ग उणे १, भागिले तोच वर्ग अधिक १: सुमारे ४३,७०० किमी/से.
3. प्रसरणाचा आजचा वेग, म्हणजे आजचं अंतर गुणिले हबल स्थिरांक: सुमारे ४५,६०० किमी/से.

तिसऱ्यासाठी विश्वाचं एक प्रतिमान धरावं लागतं. मी विश्वातला द्रव्याचा वाटा ०.३, कृष्ण ऊर्जेचा ०.७ आणि हबल स्थिरांक ७० (दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर; एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) घेतला आहे. त्यात थ्रीसी २७३ आज साधारण ६५० मेगापार्सेकवर, म्हणजे सव्वादोन अब्ज प्रकाशवर्षांच्या थोडं अलीकडे येतो. हबल स्थिरांक ६७.४ की ७३ हा वाद अजून मिटलेला नाही. पण झेडवरून काढलेला हा तिसरा वेग त्या वादाने हलत नाही, हलतं ते अंतर. मुलांना हे पटत नाही, म्हणून एकदा दोन्ही आकडे घालून करून बघा.

पहिलं सूत्र झेड ०.०१ च्या आत बिनधास्त वापरा, दुसऱ्याशी फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. दुसरं सूत्र सपाट, न पसरणाऱ्या अवकाशातल्या वस्तूंसाठी आहे: क्वेसारमधून सुटणारा वायूचा फवारा, तारा, यान. दूरच्या दीर्घिकेला ते लावण्याची चूक पाठ्यपुस्तकं वाचलेली मुलं जास्त करतात, कारण ते 'आइनस्टाइनचं' म्हणून जास्त अचूक वाटतं. दीर्घिकेचं दूर जाणं प्रामुख्याने मधलं अवकाश पसरल्यामुळे असतं, तिथे तिसराच वेग खरा.

याच कारणाने झेड सुमारे १.५ च्या पुढे गेला की प्रसरणाचा आजचा वेग प्रकाशापेक्षा जास्त निघतो. उत्तर खोडू नका, ते बरोबर आहे. प्रकाशवेगाची मर्यादा एकमेकांच्या शेजारून जाणाऱ्या वस्तूंना आहे.

## टप्पा ५: दोन दूरचे निरीक्षक

आता तीन जागा घ्या आणि त्यांना आपल्या गावांची नावं द्या. 'ब' म्हणजे आपण. 'न' उत्तरेकडची दीर्घिका, 'ख' दक्षिणेकडची. 'ब' ला 'न' दिसते ते 'ब ← न' असं लिहा. बाणाचं टोक नेहमी पाहणाऱ्याकडे.

### ५अ. दोघी एकाच बाजूला

हे सोपं आहे, म्हणून आधी. सप्तर्षीतला प्रसिद्ध जुळा क्वेसार घ्या. क्वेसारचा झेड १.४१. त्याचा प्रकाश वाटेतल्या एका दीर्घिकेजवळून वाकून येतो, म्हणून आपल्याला दोन प्रतिमा दिसतात. त्या मधल्या दीर्घिकेचा झेड ०.३६. तिथे कुणी निरीक्षक असता तर त्याला क्वेसारचा झेड किती दिसला असता?

वजाबाकी केली तर १.०५. चूक. प्रकाश आधी क्वेसारपासून मधल्या दीर्घिकेपर्यंत ताणला गेला, मग तिथून आपल्यापर्यंत. ताण पटीत मोजायचा, म्हणून भागाकार: २.४१ ÷ १.३६ = १.७७. झेड ०.७७.

आता तिसरा रकाना भरा. हा ०.७७ केव्हाचा? तो प्रकाश त्या दीर्घिकेजवळून गेला तेव्हाचा, म्हणजे सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वीचा. आज तिथल्या निरीक्षकाला वेगळा आकडा दिसेल.

### ५ब. दोघी उलट बाजूंना

इथे बस आठवते. "सर, दोन्ही उलट दिशेला जातायत की, मग बेरीजच!"

समजा 'न' आणि 'ख' दोघींचा झेड आपल्याला आज ०.१५८ दिसतो, एक उत्तरेला, एक बरोबर दक्षिणेला. आज 'ख' वरून 'न' चा झेड किती दिसेल?

झेडची बेरीज केली तर ०.३१६. थोडा पुढचा विद्यार्थी गुणाकार करतो: १.१५८ × १.१५८ = १.३४१, झेड ०.३४१. दोन्ही चुकीचे. वर धरलेल्या प्रतिमानात खरं उत्तर साधारण ०.३३ येतं.

५अ मध्ये चाललेला गुणाकार इथे का फसला? कारण तिसरा रकाना. 'ख' वर आज पोचणारा 'न' चा प्रकाश आपल्या जागेवरून आज गेलेला नाही. तो इथून सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी गेला. त्या वेळी इथून 'न' चा झेड आजचा ०.१५८ नव्हता, १.३३ ÷ १.१५८ म्हणजे साधारण ०.१४९ होता. गुणाकाराचा नियम खराच आहे, फक्त त्यात घातलेले दोन्ही आकडे प्रकाशाच्या त्याच प्रवासातले हवेत. आजचे दोन आकडे हे दोन वेगळ्या प्रवासांचे आहेत.

०.३३ काढायची रीत अशी. आधी दोन्ही झेडवरून आजची अंतरं काढा, प्रत्येकी ६५२ मेगापार्सेक. त्यांची बेरीज करा, १३०४. मग त्याच प्रतिमानात १३०४ मेगापार्सेकला कोणता झेड येतो ते उलट शोधा. आजची अंतरं एका रेषेवर सरळ बेरीज होतात, आणि प्रसरणाचे आजचे वेगही: ४५,६०० अधिक ४५,६०० म्हणजे ९१,२०० किमी/से. बसची बेरीज चालते ती नेमकी या एका जागी. झेडची बेरीज चालत नाही, आणि या वेगांना विशेष सापेक्षतेचं बेरीजसूत्र लावायचं नसतं.

ते सूत्र कुठे लावायचं याचंही एक उदाहरण करून ठेवा. सपाट अवकाशात दोन यानं उलट दिशांना प्रत्येकी प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जातात. सूत्राने (०.६ + ०.६) ÷ (१ + ०.६ × ०.६), म्हणजे १.२ ÷ १.३६ = ०.८८२. दुसऱ्या वाटेने: ०.६ वेगाला १ + झेड येतो २. दोनदा ताण म्हणजे ४. चारचा वर्ग १६, १५ ÷ १७ = ०.८८२. दोन्ही वाटा एकाच जागी येतात. यानांचा वेग स्थिर आहे, म्हणून तिथे 'केव्हा' ने फरक पडत नाही. विश्वात पडतो.

सावधान: 'ती आपल्याला ताम्र दिसते, म्हणजे आपण तिला निळे दिसत असू' असं पुष्कळ जण लिहितात. आज 'न' वरून आपल्याकडे बघणाऱ्यालाही आपला झेड ०.१५८ च दिसेल. लांब जाणं दोघांच्या मधलं आहे, दोघांनाही ताम्रच दिसतं.

## टप्पा ६: वही बंद करण्याआधी

तीन गोष्टी हाताने करून बघा.

झेड ०.१५८ च्या जागी ०.००१ घालून सगळं पुन्हा सोडवा. बेरीज, गुणाकार आणि अंतराची रीत, तिन्ही जवळजवळ ०.००२ वर यायला हवीत. नाही आली तर सूत्र लिहिण्यातच चूक आहे.

मग घड्याळाने ताळा घ्या. तरंगलांबी ज्या पटीने ताणली जाते त्याच पटीने तिथल्या घटनाही आपल्याला लांबलेल्या दिसतात. 'न' मधली २० दिवसांची घटना आपल्याला १.१५८ पट, म्हणजे २३ दिवसांहून थोडी जास्त चाललेली दिसायला हवी. 'ख' ला तीच घटना १.३३ पट, साडेसव्वीस दिवसांची दिसेल. हे दोन आकडे उत्तराशी जुळत नसतील तर १ + झेड कुठेतरी झेड म्हणून वापरला गेला आहे.

आणि शेवटी तिन्ही रकाने वरून खाली वाचा. एका जरी ओळीत 'केव्हा' रिकामं असेल तर त्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करा.